फ्रिजवरची वही

ताई, नमस्कार.

मी बडोद्याचीच, दांडिया बाजारात वाढले. वय एकतीस. आमच्या गणेशोत्सव मंडळासाठी दरवर्षी मी एक एकांकिका लिहिते. यंदाची होती मराठी घरात आलेल्या गुजराती सुनेवर, विनोदी. सून सगळ्याचा हिशेब एका लाल वहीत लिहिते, आहेर आला की त्याची किंमत विचारते, आमटीत साखर ओतते, 'मी जाते छे' असं बोलते. शेवटी सासू आजारी पडते, सून रात्रंदिवस तिची सेवा करते आणि सगळे एक होतात. हशा भरपूर मिळाला. मांडवात गुजराती शेजारी होते, तेही हसले.

माझी वहिनी गुजराती आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्ही एकाच घरात राहतो. ती पहिल्या रांगेत होती. नंतर तिने माझं कौतुक केलं, फोटो काढले. पण तेव्हापासून काहीतरी बिनसलंय. भांडण नाही, अबोला नाही. फ्रिजवर तिची एक वही असायची. बाबांच्या बायपासच्या वेळी गोळ्यांच्या वेळा, डॉक्टर काय म्हणाले, किती पैसे भरले, सगळं ती त्यात लिहायची. ती वही आता तिथे दिसत नाही. आणि परवा घटस्थापनेच्या तयारीत ती आईला म्हणाली, 'तुमच्याकडे परडीत माती किती घालतात ते सांगा, चूक व्हायला नको.' इतकी वर्षं तीच घट बसवते आणि 'आपल्याकडे' म्हणते.

दादा म्हणतो, विसरेल ती. आई म्हणते, सिनेमात सगळ्यांचीच टिंगल करतात, त्यात काय एवढं. मी तिला दुखवायला लिहिलं नव्हतं, शेवट तर प्रेमाचाच केला होता. मंडळाला हीच एकांकिका दिवाळीनंतर गांधी नगरगृहात पुन्हा करायची आहे. करू की नको?

— एक नणंद, बडोदा

*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या फ्रिजवरच्या वहीपाशी थांबले. तुला 'तू'च म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

तुझ्या पत्रात दोन वह्या आहेत. एक रंगमंचावरची, आहेराच्या किमती लिहायची. दुसरी घरातली, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा लिहायची. पहिली दुसरीवरून सुचली हे तू कुठेच म्हटलेलं नाहीस, कदाचित तुझ्या ध्यानातही आलं नसेल. तिच्या ध्यानात मात्र वही रंगमंचावर आल्याबरोबर आलं. आमटीतली साखर आणि 'जाते छे' तिने सोडून दिलं असतं. नऊ वर्षांत हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाच्या पंगतीत असले विनोद तिने कितीदा ऐकले असतील आणि हसून घेतले असतील. वही मात्र तिची होती. सगळा मांडव कुठल्यातरी गुजराती सुनेला हसत होता. ती एकटी स्वतःची वही बघत होती, आणि ती तिथवर कुणी नेली हेही तिला ठाऊक होतं.

बायपासनंतरचे दिवस ज्यांनी घरात काढले आहेत त्यांना अशी वही काय असते ते सांगावं लागत नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी किती वाजता दिली. सकाळचं ब्लडप्रेशर किती भरलं. पायावरच्या टाक्यांतून पाणी येतंय का. पुढच्या खेपेला डॉक्टरांना काय विचारायचं. विम्यासाठी कुठली पावती जोडली, कुठली राहिली. घरातले सगळे घाबरलेले असतात तेव्हा एक कुणीतरी पेन घेऊन बसतं, आणि त्याच्या आधारावर बाकीचे झोपतात. तुमच्या घरात ती बसली होती. हे तू मला दोन ओळींत लिहिलंस आणि मला ती डोळ्यांसमोर दिसली. एकांकिकेत तेवढंच वगळलंस आणि तिथे आहेराच्या किमती घातल्यास. मला तुझ्या लिखाणाबद्दल काही बोलायचं असेल तर ते एवढंच आहे, बाकी सगळं याच्याच आजूबाजूचं.

तिच्या माहेरी दुकान होतं की नोकरी, तू लिहिलं नाहीस. पण बडोद्यात वाढलेल्या तुला चोपडापूजन माहीत असणारच. दिवाळीला लाल कापडी बांधणीच्या नव्या चोपड्या मांडायच्या, पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक, 'शुभ' आणि 'लाभ', आणि एकाखाली एक वाढत जाणाऱ्या 'श्री'ंचा डोंगर. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडेही वह्या पूजतात. ज्या वहीला नमस्कार करून लिहायला घ्यायचं, ती तू चिक्कूपणाची खूण म्हणून हातात दिलीस. गुजराती म्हणजे पैसा, पैसा म्हणजे हिशेब, हिशेब म्हणजे हात आखडता, ही साखळी तू जोडलेली नाहीस. ती तयार मिळते. हाताशी असते म्हणून उचलली जाते.

आता तुझी आई म्हणते ते. सिनेमात सगळ्यांचीच टिंगल होते, हे खरंच आहे. १९६८च्या 'पडोसन'मध्ये मेहमूदने दाक्षिणात्य संगीत शिक्षक केला. काय अफाट नट होता तो, आणि तरीही कितीतरी घरांत पुढची कित्येक वर्षं 'मद्रासी' म्हणजे तेच सोंग होऊन बसलं. मुंबईच्या गुजराती नाटकात घरगडी आला की तो 'रामा', आणि रामा म्हणजे घाटी, म्हणजे आपण. आपल्या नाटकात सावकार आला की तो शेठ, धोतर-टोपीतला, 'शूं छे' म्हणणारा. लेखक असं का करतात ते तुला कळतं, तूही लिहितेस. पात्र आत आलं की दहा सेकंदांत ओळखू यायला हवं, दोन वाक्यांत हशा यायला हवा. त्यासाठी साचा स्वस्त पडतो. दारावर येऊन निरोप देऊन जाणाऱ्या माणसासाठी एखाद्याने तो वापरला तर मी फार भांडणार नाही. पण तुझ्याकडे नऊ वर्षं होती. एकाच स्वयंपाकघरात काढलेली नऊ वर्षं, आणि तू दहा सेकंदांचा माल वापरलास.

गुजराती शेजारीही हसले म्हणतेस, त्यावरून एक सांगते. मी दहा-अकरा वर्षांची असताना आजीबरोबर एक हिंदी सिनेमा पाहायला गेले होते. त्यात एक मोलकरीण होती, नऊवारीतली. मोडकं हिंदी बोलायची, भांडी आपटायची, मालकिणीच्या साड्यांकडे डोळे फाडून बघायची. ती आली की थिएटर हसायचं. शेजारी माझी आजी, नऊवारीतली. तीही हसली. सगळे हसताना एकटं कसं गप्प बसायचं? टांग्यात बसल्यावर तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला आणि सूरसागर तळ्यापाशी आल्यावर मला विचारलं, 'आपण अशा दिसतो का गं?' मला काहीच उत्तर देता आलं नाही. त्यानंतर ती माझ्याबरोबर सिनेमाला आली नाही. म्हणून मांडवात कोण कोण हसलं हा पुरावा तू माझ्यापुढे ठेवू नकोस. पाहुण्यासारखं हसणं लोकांना चांगलं जमतं. तुझ्या वहिनीने तर फोटोही काढले.

आणि आमटीतला गोडवा! आपण गूळ घालत नाही का? चिंच-गुळाची आमटी खाऊनच वाढलीस ना? आपण घातला की ती चव आणि त्यांनी घातला की गोडमिट्ट. आमच्या शेजारी एक बा राहायच्या. होळीला आईकडून त्यांच्याकडे पुरणपोळी जायची आणि त्यांच्याकडून आमच्याकडे वेडमी यायची. वस्तू एकच, फक्त त्यांचं पुरण तुरीच्या डाळीचं आणि आमचं हरभऱ्याच्या डाळीचं. खरं पुरण कुठलं यावरून दोघी जवळजवळ तीस वर्षं वाद घालत होत्या. दर होळीला बा पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, 'सारी छे, पण दाळ खोटी.' आईच्या शेवटच्या आजारात तिला काही गिळवत नव्हतं, तेव्हा बा भाताची पेज घेऊन आल्या आणि चमच्याने भरवता भरवता म्हणाल्या, 'जल्दी ऊठ, होळी आवे छे.' दोन तऱ्हांच्या माणसांतली माया मी पाहिली ती अशी, वादासकट. तुझ्या एकांकिकेत वाद नुसता हशासाठी आहे आणि माया नुसती शेवटासाठी.

त्या शेवटाबद्दलच मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुझा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. सासू आजारी पडते, सून सेवा करते, मग घर तिला आपलं म्हणतं. म्हणजे परीक्षा कुणाची झाली? तिची एकटीची. घराने काय केलं? सासू एक तरी गुजराती शब्द शिकली का? कुणी एक दिवस तिच्या हातची दाळ काही न बोलता खाल्ली का? आपल्या गोष्टींमध्ये परप्रांतातून आलेल्या माणसाला आत यायला नेहमीच असं काहीतरी मोजावं लागतं. 'एक दुजे के लिए' १९८१ साली आला तेव्हा अख्खं गाव रडून आलं होतं. शेजारी शेजारी राहणारं तमिळ कुटुंब आणि उत्तर भारतीय कुटुंब, मुलामुलीला वर्षभर एकमेकांपासून लांब राहायची अट, आणि शेवटी दोघंही जिवानिशी जातात. तेव्हा मीही रडले होते. आज वाटतं, असे सिनेमे एकतर मरणाशी थांबतात नाहीतर मंगलाष्टकांशी. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्या घरात दाळ कुणाच्या पद्धतीची होते, मूल आईला कुठल्या भाषेत हाक मारतं, हे दाखवायला कुणी थांबत नाही. तू तर त्या घरात राहतेस!

घराने काही मोजलं अशी एक गोष्ट तुला माहीत आहे, रवींद्रनाथांची 'काबुलीवाला'. १८९२ची. हिंदीत १९६१ साली सिनेमा आला, बलराज साहनींचा. ती पुन्हा वाच, या खेपेला लिहिणारीच्या नजरेने. हे पठाण मुलं पळवतात ही भीती त्या गोष्टीत आहे, पण ती काबुलीवाल्याशी गट्टी जमलेल्या लहानग्या मिनीच्या आईच्या मनात आहे. गोष्ट स्वतः तसं म्हणत नाही. हा फरक पकड. तुझ्या एकांकिकेत सासूने, शेजारणीने सुनेला काहीही म्हणावं, माणसं म्हणतातच. तुझं नाटक स्वतःच तसं म्हणत होतं, घोटाळा तिथे झाला. दुसरं, रहमत, म्हणजे तो काबुलीवाला, काही संत नाही. चादरीचे पैसे बुडवणाऱ्याला तो सुरा मारतो आणि तुरुंगात जातो. लोक पठाणांबद्दल जे बोलतात तेच तो करतो, आणि तरीही वाचणारा त्याचा हात सोडत नाही. का? तर त्याच्या अंगरख्यात एक मळका कागद आहे. त्याच्यावर त्याच्या लेकीच्या चिमुकल्या पंजाचा काजळी लावून घेतलेला ठसा. फोटो नाही, चित्र नाही, नुसता ठसा. तो कागद उरी बाळगून तो कलकत्त्याच्या रस्त्यांवर सुकामेवा विकत हिंडला. आणि मग मिनीचा बाप काय करतो? लेकीच्या लग्नातली विजेची रोषणाई आणि बँड कमी करतो आणि ते पैसे रहमतला घरी जायला देतो. घरातल्या बायका नाराज होतात. घराने काहीतरी खरंच सोडलं, म्हणून ती माया पटते.

तुझ्याजवळही एक कागदच होता.

'तुमच्याकडे' हा शब्द तुला लागला, ते बरं झालं. हिंदीत नुसतं 'हम' आहे, त्यात समोरचा आत आहे की बाहेर ते कळत नाही. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे, गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' वेगळे. म्हणजे हा फरक ती लग्नानंतर शिकलेली नाही, माहेरूनच घेऊन आली. नऊ वर्षं ती तोलूनमापून 'आपल्याकडे' म्हणत होती, आणि परवा तितकंच तोलून 'तुमच्याकडे' म्हणाली. बडोद्याच्या मराठी माणसाला तर हे सगळ्यात आधी कळायला हवं. आपण गायकवाडांच्या मागोमाग इथे आलेले. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली इथे दत्तक आला, गुजराती शिकला, आणि आज गुजराती माणूस त्यांना आपलेच सयाजीराव म्हणतो. गुजरातेने आपल्याला 'आपणे'त घेतलं, ते घाट उतरून आलो त्याची किंमत न विचारता.

तर आता करायचं काय.

आधी तिच्याकडे जा, आणि लेखिका म्हणून जाऊ नकोस, नणंद म्हणून जा. दादाला मध्ये घालू नकोस, मोबाईलवर मेसेज तर मुळीच नको. ती एकटी असेल अशी वेळ बघ, भाजी निवडत असेल तर समोर बसून तूही निवडायला घे. 'विनोद होता', 'तुझ्यावर नव्हतं', 'तुला वाईट वाटलं असेल तर' यातलं काहीही बोलू नकोस. वही माझी चुकली, म्हण. बाबांच्या आजारपणातली तुझी वही मी पाहिली होती आणि तिचं भलतंच काहीतरी केलं, म्हण. ती 'ना रे, एवुं कंई नथी' म्हणेल. म्हणणारच. त्यावर सुटल्यासारखा श्वास टाकू नकोस आणि तिने कबूल करावं म्हणून मागेही लागू नकोस. वही पुन्हा फ्रिजवर ठेव, असं तर चुकूनही सुचवू नकोस. ती तिची आहे, कुठे ठेवायची ते ती ठरवेल.

मग मंडळ. आहे ती एकांकिका पुन्हा करायची नाही, हे माझं स्पष्ट मत. तारीख पक्की व्हायच्या आत सांगून टाक, आणि सांगताना वहिनीचं नाव घेऊ नकोस. 'तिला वाईट वाटलं म्हणून' असं एकदा तोंडातून गेलं की सगळ्या मंडळात नाटक बंद पाडणारी ती ठरेल, आणि तिला दुसऱ्यांदा मांडवात उभं केल्यासारखं होईल. मला पुन्हा लिहायचंय, एवढं पुरे. खरंही तेच आहे.

आणि लिही. विषय टाकून देऊ नकोस. गुजराती पात्र काढून सगळं मराठी केलंस तर ते मला अजिबात आवडणार नाही, मग ती घरात असून नाटकात नाही असं होईल. फक्त आता उलटं टोक गाठू नकोस. सदा हसतमुख, सगळ्यांना थेपले खाऊ घालणारी, कधी न चिडणारी गुजराती बेन हाही साचाच, नुसता गोड रंगाचा. तिला चिडू दे, तिचं काही चुकू दे, तिला काहीतरी हवं असू दे. वहिनीची मर्जी असेल तर तिला विचार, आमच्या घरात आल्यावर तुला काय काय विचित्र वाटलं? नऊ वर्षांचा साठा असेल तिच्याकडे. दारात आलेल्याला त्यांच्याकडे 'जमीने जजो' म्हणतात आणि आपण 'चहा घेणार का?' विचारतो, हे तिने पहिल्याच आठवड्यात टिपलं असेल. 'या एकदा जेवायला' म्हणतो आणि वार सांगत नाही, हेही. ती नजर नाटकात आली की हशा दोन्ही बाजूंनी येईल, आणि तो हशा कुणाला टांग्यात बसून गिळावा लागणार नाही.

गुजराती वाक्यं तिच्याकडूनच लिहून घे. 'जाते छे' असं जगात कुणी बोलत नाही. उलट आपण बडोदेकरच 'येतोस ने?' म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे आपल्याला हसतात, ते आठव. वहीचा प्रसंग ठेवायचा की नाही, हे मात्र सर्वस्वी तिचं. ती नको म्हणाली तर तो काढून टाक, तोंड पाडू नकोस, कितीही चांगला जमला असला तरी.

हे उत्तर तुझ्या हाती पडेल तेव्हा कोजागिरी चार-पाच दिवसांवर असेल. त्यांची शरद पूनम. आटीव दूध तुमच्याकडे होईलच, यंदा गच्चीवर दूध-पौंवाही होऊ दे, आणि ते तिला करायला लावू नकोस, तू शिकून कर. पोहे धुऊन थंड दुधात भिजवायचे, साखर, वेलची, आणि पातेलं चांदण्यात ठेवायचं, फार काही कठीण नाही. सगळे खाली गेले की नव्या पहिल्या प्रवेशाचे कागद तिच्या हातात दे आणि बरोबर एक पेन्सिल दे. तिने एखादी ओळ खोडली तर त्या रात्री तरी का म्हणून विचारू नकोस.